दहावे बटण

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. आता तुम्ही माझ्यावर वाकून ऐकता आहात, तर तुमचे हात कुठे आहेत, इकडेही माझे लक्ष आहे. राग मानू नका. ज्याला झाकण असते त्याला ही खोड लागतेच. आजवर माझे झाकण हजारो वेळा उघडले गेले, आणि उघडणाऱ्या बहुतेकांनी आधी एकदा मागे वळून पाहिले. असे आयुष्य काढल्यावर कोण भोळा राहील?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, ठोकला आणि झाकणावर दोन बदके छापली. त्यातले एक बदक पुढे झिजून गेले. दुसरे अजून त्याच्याकडे तोंड करून उभे आहे. माझ्यात गोड गोळ्या भरल्या होत्या. एका पाहुण्याने मला एका घरात आणून दिले. त्या घरात बहीण होती अकरा वर्षांची आणि भाऊ पाच वर्षांचा. आई गोळ्या मोजून ठेवायची आणि रोज दोन कमी भरायच्या. तिने मुलीला रागावून पाहिले, मुलाला कोपऱ्यात उभे केले, मला कपाटावर चढवले. गोळ्या खात होते वडील. मी डोळ्यांनी पाहत होतो, पण डब्याला तोंड असले तरी जीभ नसते. आता तुम्ही म्हणाल, एवढे पाहिल्यावर हा डबा शहाणा झाला असेल. नाही झाला. पुढे तीच चूक मी स्वतः केली. तीच तर तुम्हाला सांगायची आहे.

गोळ्या संपल्यावर मला बहिणीने घेतले आणि माझ्यात बटणे ठेवली. तिला सगळे आक्का म्हणत. वडील गेल्यावर आक्का घरी बसून लोकांच्या कपड्यांना काजे करू लागली. बटण ज्या भोकातून जाते ना, ते काज. कापडाला बारीक चीर द्यायची आणि तिची कड सुईदोऱ्याने घट्ट विणून घ्यायची. तिच्या त्या काजांवर भाऊ शिवणकाम शिकला, मोठा झाला आणि त्याने दुकान थाटले. त्याला लोक मास्तर म्हणू लागले. मध्ये आक्काचे लग्न झाले आणि ती परतही आली. त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नाही, तेव्हा मीही बोलणार नाही.

दुकान होते अरुंद आणि लांब. पुढे कापड कापायचे मोठे टेबल, मधे शिवणयंत्र, आणि मागे खिडकीपाशी आक्काचे स्टूल. स्टुलाच्या पायाशी मी. चाळीस वर्षे आक्काने त्या स्टुलावर बसून काजे केली. गिऱ्हाईक मास्तरांच्या बेतण्याचे कौतुक करायचे. काजांचे कौतुक कुणी करत नाही. काज चांगले असेल तर ते दिसतच नाही.

एके दिवशी एक बाई आपल्या वारलेल्या वडिलांचा कोट घेऊन आली. तिला तो उसवून, लहान करून स्वतःसाठी हवा होता. मास्तर म्हणाले, कापड पाठीत विरले आहे, त्यापेक्षा नवा कोट शिवा. आक्का मागून म्हणाली, "करून दे रे, तिला तोच हवाय." तेवढ्यात सदऱ्याचे माप द्यायला आलेला मास्तरांचा जुना मित्र, बसचा कंडक्टर, मधे पडला. शेजारचा चष्मेवाला आवाज ऐकून आत आला. माणसाने डोक्याचे ऐकावे की मनाचे, यावर अशी जुंपली की चहा दोनदा झाला. शेवटी ती बाई कंटाळून उठली आणि म्हणाली, "तुमचं ठरलं की कळवा." कोट तिथेच ठेवून ती गेली ती गेलीच.

पण मंडळींना चटक लागली. दर गुरुवारी दुपारी दुकान बंद असे. त्या वेळी नऊ माणसे जमू लागली. मास्तर आणि आक्का, कंडक्टर, चष्मेवाला, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई, रुग्णालयातल्या सिस्टर, कुलूपवाला आणि त्याची बायको, आणि पोस्टातले एक आजोबा, जे चर्चा सुरू झाली की झोपत आणि चहा आला की जागे होत. गंमत अशी, की गणिताच्या बाई नेहमी भावनेच्या बाजूने भांडत आणि रोज माणसे रडताना पाहणाऱ्या सिस्टर बुद्धीच्या. कुत्रा आंधळा झाला तर काय करावे, आजाऱ्याला खरे सांगावे का, गेलेल्या माणसाची चप्पल दारात किती दिवस ठेवावी, असे प्रश्न असत. कुणाचे पोट त्यावर अवलंबून नव्हते, तरी पानिपत व्हायचे.

निकाल लागावा म्हणून मला मतपेटी केले. प्रत्येकाने दोन बटणे घ्यायची. एक काळे, कोटाचे, जाड, ते बुद्धीचे. एक पांढरे, सदऱ्याचे, पातळ, ते भावनेचे. मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले, "ज्याला जे पटेल ते डब्यात टाका." उरलेले बटण मुठीत झाकून टेबलाच्या खणात टाकायचे. बरोबरी झाली तर जैसे थे, म्हणजे जसे चालले आहे तसे चालू द्यायचे. नियम एवढेच.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. मला पुसून टेबलाच्या मधोमध ठेवत. "डबा कधी खोटं बोलत नाही," असे पोस्टातले आजोबा म्हणायचे, तेवढ्यासाठी जागे होऊन. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटे.

पण जिथे मत आले तिथे संशय आलाच. तो आणला चष्मेवाल्याने. त्याचे म्हणणे, काळे बटण पडले की आवाज वेगळा येतो, पांढरे पडले की वेगळा, आणि काही जण कान देऊन बसतात. म्हणून माझ्या तळाला जाड लोकरीचे कापड घातले. मग त्याचे म्हणणे, हात डब्यावर आला की बोटांच्या फटीतून बटण दिसते. म्हणून मास्तरांनी त्या बाईच्या कोटाची एक बाही उसवली आणि माझ्या तोंडाला दोऱ्याने आवळून बांधली. आता बाहीत हात घालायचा, आत बटण सोडायचे आणि हात काढून घ्यायचा. बटण पडल्याचे मला ऐकू येईना आणि आतले मला दिसेना. माझ्या पोटात काय पडते ते माझे मलाच कळेना, अशी माझी गत झाली.

मते मोजायचे काम मास्तर आणि चष्मेवाला करत. काळ्यांचा एक ढीग, पांढऱ्यांचा एक ढीग, ज्याचा मोठा तो जिंकला. त्या वेळी आक्का आतल्या खोलीत चहा टाकायला गेलेली असे. दोन वर्षे असेच चालले. ढीग मोजले गेले, एकूण बटणे कधी कुणी मोजली नाहीत. मग एका गुरुवारी ढीग सारखेच दिसले, म्हणून चष्मेवाल्याने एकेक बटण बोटाने सरकवून मोजले.

"पाच आणि पाच," तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. "मास्तर, आपण किती जण आहोत?"

"नऊ."

"मग दहा कशी?"

पुढच्या गुरुवारी मोजली, पुन्हा दहा. त्याच्या पुढच्या गुरुवारी कुलूपवाल्याची बायको आली नव्हती. माणसे आठ, बटणे नऊ. कुणीतरी दर वेळी एक जास्त टाकत होते.

चौथ्या गुरुवारी, आक्का चहाला आत गेली तशी चष्मेवाल्याने तोंड उघडले. "इथं कुणाची तरी बोटं फार चपळ आहेत," एवढेच तो म्हणाला. नाव घेतले नाही. पण सगळ्यांनी एकदम कंडक्टरच्या बोटांकडे पाहिले. चालत्या बसमध्ये, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने पातळ तिकिटे सुटी करणारी ती बोटे होती. चपळ असणारच.

आणि खरे सांगतो, मलाही तोच वाटला. त्याचा हात बाहीत इतरांपेक्षा जास्त वेळ रेंगाळायचा. सिस्टरांचा हात आला की गेला. बाईंचा आला की गेला. याचा मात्र आत येऊन थांबायचा. मी मनात म्हणायचो, बाबा रे, एवढा वेळ आत काय करतोस?

कंडक्टर आधी हसला. त्याला थट्टा वाटली. मग दुसरे कुणीच हसत नाही हे त्याच्या ध्यानात आले. त्याने मास्तरांकडे पाहिले. पोरवयापासूनची मैत्री होती दोघांची. मास्तर गळ्यातली मापाची टेप काढून गुंडाळू लागले. ते 'हो' म्हणाले नाहीत आणि 'नाही' पण म्हणाले नाहीत. टेप मात्र गुंडाळत राहिले.

"बत्तीस वर्षं तिकिटं फाडतोय मी," कंडक्टर म्हणाला. "दोन चिकटून गेली तर उतरलेल्या माणसाला हाक मारून एक परत घेतलंय. आणि बटणासाठी खोटेपणा करीन?"

तो चहा न घेता गेला. आक्का कप घेऊन बाहेर आली तेव्हा तिने विचारले, "हा कुठं गेला?" मास्तर म्हणाले, "त्याची पाळी बदलली आहे. आता गुरुवारी जमणार नाही त्याला." आक्काने एक कप परत नेला. मास्तरांनी बाकीच्यांना बजावून सांगितले, आक्काला यातले काही कळता कामा नये. ती त्याला भावासारखा मानते, उगाच जिवाला लावून घेईल. मला विचाराल तर, जिवाला लावून घेईल याची भीती नव्हती. जाब विचारील याची होती.

कंडक्टरचा सदरा तेव्हा दुकानातच होता. निळ्या रेघांचा, सगळा शिवून झालेला, फक्त काजे आणि बटणे राहिलेली. तो खुंटीला लटकत राहिला. आक्का अधूनमधून त्याच्याकडे बघायची. "काजं करून ठेवू का?" मास्तर म्हणायचे, "येईल तेव्हा बघू." आक्का म्हणायची, "अजून रजा मिळत नाही का रे त्याला?" मास्तर यंत्र जोरात चालवायचे.

आता खरी मजा ऐका. कंडक्टर गेल्यावर आठ माणसे उरली. पुढच्या गुरुवारी बटणे निघाली नऊ.

शहाण्या माणसांनी काय करावे? उठावे, त्याच्या घरी जावे, चूक झाली म्हणावे. चष्मेवाला म्हणाला, "जाताना कुणाला तरी शिकवून गेला." आणि ते सगळ्यांना पटले! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हे कबूल करण्यापेक्षा, संन्याशाचा एखादा चेला शोधणे त्यांना सोपे वाटले. मग सगळेच एकमेकांना पाण्यात पाहू लागले. कुलूपवाला आणि त्याची बायको वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली. सिस्टर मत टाकून आल्या की बाई त्यांच्या मुठीकडे बघत. आजोबांनी झोपणे सोडले. वाद मात्र पूर्वीसारखाच चालू होता, बुद्धी श्रेष्ठ की भावना. दोन्ही दाराबाहेर चपला काढून बसल्या असाव्यात, आत काही आल्या नव्हत्या.

आठ महिने गेले. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. शस्त्रक्रिया झाली आणि दोन गुरुवार ती आली नाही. त्या दोन गुरुवारी माणसे सात आणि बटणे सात.

चष्मेवाल्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी बटणे घाईने खणात लोटली. मित्रांनो, मीही त्या दिवशी हादरलो. आक्का? जिने मला चाळीस वर्षे पायाशी ठेवले ती? मग माझ्या संशयी मनाने लगेच जुनी पाने चाळली. ती मत टाकताना कुणाशी बोलत नसे. ती कधी कुठल्या बाजूने वाद घालत नसे. कोपऱ्यात काज करत बसायची. गप्प बसणाऱ्याच्या पोटात काय असेल, कुणी सांगावे? हे मी, तिचा डबा, तिच्याबद्दल मनात आणत होतो. आज आठवले की गंजायला होते.

आक्का नवे डोळे घेऊन स्टुलावर परत बसली. पहिल्या दिवशी तिने शिवून तयार असलेले, गेल्या महिन्यात तिनेच काजे केलेले सदरे एकेक करून उजेडात धरले आणि बराच वेळ पाहिले. मग घडी घालून ठेवून दिले.

त्याच सुमारास एक विक्रेता काजे करायचे यंत्र दाखवून गेला. एक काज करायला आक्काला लागे तेवढ्या वेळात ते वीस करी. दोन गिऱ्हाइकांनी सैल काजांची तक्रार केली होती. मास्तरांना यंत्र हवेही होते आणि तोंडाने म्हणवतही नव्हते. यंत्र आले तर ते ठेवायला जागा एकच होती, खिडकीपाशी. आणि स्टूल गेले तर आक्काने दिवसभर काय करायचे, भावाच्या घरात कोणत्या तोंडाने दोन घास खायचे? ती तसे कधी म्हणाली नसती, पण काजे करते म्हणून ती त्या घरात ताठ मानेने राहत होती.

मास्तरांनी पळवाट काढली. गुरुवारी ते म्हणाले, "समजा, एखाद्याचं दुकान आहे. तिथं एक जुना कारागीर आहे. हात थकलाय. यंत्र मिळतंय. त्यानं काय करावं?"

आजोबांनी विचारले, "कुणाचं दुकान?" आक्का सुईत दोरा ओवत होती. तिने ओवला, गाठ मारली आणि मान न उचलता म्हणाली, "बोला की. चांगला विषय आहे."

सिस्टर म्हणाल्या, थकलेल्या हाताला थांबू देणे हीच माया. बाई म्हणाल्या, थांबवणाऱ्याने आधी थांबणाऱ्याला विचारले का? चष्मेवाला म्हणाला, "मनानं दुकान चालवलं तर दुकान मनातच राहतं." अर्धा तास चालले, पण नेहमीचा जोर नव्हता. जो तो आक्काच्या स्टुलाकडे न बघण्याची खटपट करत होता. मग एकेक जण आला, बाहीत हात घातला आणि गेला. शेवटी आक्का आली. मत टाकून ती चहा टाकायला आत गेली.

मोजले. काळी पाच, पांढरी चार. माणसे आठ आणि बटणे नऊ.

"तरी मला वाटतच होतं," चष्मेवाला हळूच म्हणाला. "स्वतःची जागा जाणार म्हटल्यावर कोणीही दोन पांढरी टाकील."

नऊ महिन्यांची शरम मास्तरांच्या डोक्यात होती. ती रागाचे कपडे घालून बाहेर आली. आक्का ट्रे घेऊन आली तोच ते ओरडले, "आक्का, तू दोन बटणं टाकलीस?"

आक्का म्हणाली, "हो."

तिने नाही म्हटले असते तर मास्तरांना सोपे गेले असते. "हो?"

"नेहमीच टाकते. पहिल्यापासून." तिने ट्रे टेबलावर ठेवला. "पटेल ते टाका म्हणालास ना? मला दोन्ही पटतं. एक काळं, एक पांढरं. एकमेकाला चिकटवून सोडते."

"आणि आज?" चष्मेवाल्याने विचारले. त्याचा आवाज खाली आला होता.

"आज काय वेगळं आहे? आजही एक काळं, एक पांढरं." मग ती मास्तरांकडे वळली. "माझं काज वाकडं जातंय रे हल्ली. डोळे नवे झाले तेव्हा दिसलं मला. लोकांच्या अंगावर वाकडं काम घालायचं का? म्हणून काळं. आणि सुई खाली ठेवायची म्हटलं की हात पुन्हा दोरा शोधतो. म्हणून पांढरं. यातलं खोटं कुठलं ते तू सांग."

गणिताच्या बाई उठल्या. त्यांनी बेतायचा खडू घेतला आणि टेबलावर लिहिले. काळी पाच, पांढरी चार. त्यातली आक्काची दोन काढली. चार आणि तीन. यंत्रच जिंकत होते.

"आक्कांचं एक काळं आणि एक पांढरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यांच्या दोन बटणांनी आजवर एकही निकाल बदललेला नाही. तीन वर्षांत एकही नाही. आणि मी गणिताची बाई! माझ्या डोक्यात हे आलं नाही." मग त्यांनी 'काळी' शब्दाखालचा आकडा हाताने पुसला. "आज त्यांनी फक्त पांढरं टाकलं असतं, तर चार-चार झाले असते. बरोबरी. जैसे थे. स्टूल राहिलं असतं."

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि तो उगीचच पुसू लागला. मास्तर खाली बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा त्यांच्यासमोर चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तीन वर्षांत कुणी तिला एकदाही विचारले नव्हते, आक्का, तुम्ही किती टाकता? तिलाही काही मत असेल, हेच मुळी कुणाच्या मनात आले नव्हते.

"पण एवढं घाबरायला काय झालंय?" आक्का म्हणाली. "दोन टाकू नका म्हणून सांगायचं."

तेव्हा सिस्टरांना राहवले नाही. "आक्का, कंडक्टरची पाळी बदललेली नाही," त्या म्हणाल्या, आणि सगळे सांगून टाकले.

मित्रांनो, मी आक्काला लग्न मोडून परत आल्यावर पाहिले आहे. तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता. ती मास्तरांजवळ गेली. वाटले, आता मुस्कटात देणार. तिने फक्त विचारले, "तू गप्प बसलास?" मास्तरांनी मान हलवली. "माझ्या बटणावरून त्याला चोर ठरवलं, आणि तू गप्प बसलास. मला विचारलं असतंस तर चहा उकळायच्या आत मिटलं असतं."

मग ती खुंटीपाशी गेली, सदरा काढला, झटकला आणि स्टुलावर बसली. नऊ महिन्यांची धूळ तिच्या मांडीवर पडली. एकापाठोपाठ एक तिने सात काजे केली. कुणी घरी गेले नाही. चहावर साय धरली. शेवटचे बटण लावून तिने दोरा दाताने तोडला आणि सदरा मास्तरांच्या अंगावर टाकला. "जा. आणि हा डबाही ने. त्याच्यापुढं बाही सोड आणि उघडून दाखव. तोंडानं सांगायचं धाडस तुला होणार नाही."

अशा रीतीने, दुकानात आल्यापासून मी पहिल्यांदाच बाहेर पडलो. ऊन उतरले होते. बस-आगारात कंडक्टर बाकावर बसून आपला जेवणाचा डबा खात होता. मास्तर समोर उभे राहिले आणि त्यांना खरोखरच बोलता येईना. त्यांनी मला बाकावर ठेवले, बाही सोडली आणि आतून एक काळे आणि एक पांढरे बटण काढून चिकटवून दाखवले. "आक्का," एवढेच म्हणाले.

कंडक्टरला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो रागावला नाही. त्याने आपले दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाला, "नऊ महिने मी या बोटांकडे बघतोय. वाटायचं, खरंच चुकून दोन जात असतील का? बाहीत हात घातला तरी माझं ठरलेलं नसायचं रे. आत गेल्यावर ठरवायचो. मग वाटायचं, त्या गडबडीत... माझं मलाच खरं वाटेनासं झालं. तिकिटं दोनदोनदा मोजायला लागलो."

मित्रांनो, मी ज्या रेंगाळण्यावरून त्याला चोर समजलो, ते एवढेच होते. प्रामाणिक माणसाला आपले मत ठरवायला लागणारा वेळ.

त्याने सदरा अंगात घातला. बटणे लावली. "तिसरं काज वाकडं आहे," तो म्हणाला.

"आक्काचं आहे," मास्तर म्हणाले, आणि रडले.

"मग राहू दे." कंडक्टरने जेवणाचा डबा पुढे केला. मास्तरांना भूक नव्हती, पण ते जेवले.

यंत्र आले. आक्कानेच आणायला लावले, मत झाले आहे म्हणून. स्टूल हातभर डावीकडे सरकले, पण गेले नाही, कारण यंत्र फक्त काज करते, बटण अजून आक्काच लावते. मी आता यंत्रामागे पडून असतो. कडेला गंज धरला आहे, तळाचे लोकरीचे कापड कसरीने खाल्ले. गुरुवारी मात्र मला अजून काढतात. बाही मास्तरांनी पुन्हा बांधली नाही. आक्का सगळ्यांदेखत दोन टाकते. कधीकधी बाईही दोन टाकतात.

कंडक्टर तीन आठवड्यांनी परत आला. आता सगळे त्याला आग्रहाने मधे बसवतात, चष्मेवाला त्याला आधी चहा देतो. पण तो बटण टाकतो आणि मग दोन्ही हात वर करून, बोटे फाकवून, सगळ्यांना दाखवतो. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, नका ना असं करू." तो म्हणाला, "सवय झाली," आणि हसला. आज दोन वर्षे झाली. अजून दाखवतो.

माझा गंज पुसता येतो, मित्रांनो. थोडे तेल घ्या, फडके घ्या, मी पुन्हा चकचकीत होईन. माझ्यात बटणे ठेवा, खडू ठेवा, काहीही ठेवा, मी सांभाळीन. फक्त एखाद्या दिवशी मोजताना एक जास्त भरले, तर कुणाच्या हाताकडे बघण्याआधी तोंडाने विचारा, आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाला सर्वांत आधी विचारा. नाहीतर दर गुरुवारी कुणीतरी आपले रिकामे हात तुम्हाला दाखवत राहील, आणि तुम्हाला ते बघावे लागतील.